मास्तरांचा हडळीचा सिनेमा

कापसाच्या वखारीला आग लागली तेव्हा मास्तर तिथे आधीपासून उभे होते. माझी त्यांची ओळख झाली ती त्यामुळे. मी त्या वेळी सोलापुरातल्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. म्हणजे बातमी आणायची, लिहायची, प्रुफे तपासायची आणि शनिवारी अंकाच्या घड्या घालायलाही बसायचे. आगीच्या जागी पोहोचलो तेव्हा लोक बादल्या घेऊन धावत होते आणि रस्त्याच्या पलीकडे एक उंच, किडकिडीत गृहस्थ काळा कोट घालून स्वस्थ उभे होते. हातात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा, त्याला मधोमध पाडलेले चौकोनी भोक. त्या भोकातून एक डोळा मिटून ते आग पाहत होते.

"ह्यांना इचारा," एक हमाल म्हणाला. "पयला धूर निघाला तवापासनं हितंच हायत."

मी वही काढली आणि आग कोणत्या बाजूने लागली ते विचारले.

"पहिला धूर जांभळट होता," ते म्हणाले. "मग पिवळा. मध्ये दोन क्षण असा रंग आला की त्याला आपल्याकडे नाव नाही."

"पण बाजू कोणती?"

"ती नाही पाहिली."

"कुणी बाहेर पळताना दिसलं?"

"एक माणूस दिसला. पाठीमागून पूर्ण उजेड. फार सुंदर."

"कोण होता?"

"पाठीमागून उजेड म्हटलं ना मी. तोंड काळोखात."

आगीचा एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हा असा. आगीचे कारण समजले नाही, असे मी छापले. पुढच्या शनिवारी ते आमच्या कचेरीत आले, अंक हातात घेतला आणि ती बातमी डोळ्यांपासून लांब धरून पाहिली. "मजकूर उजवीकडे फार दाटला आहे," एवढाच त्यांचा अभिप्राय. त्यानंतर ते दर शनिवारी येऊ लागले. मला नावाने हाक त्यांनी कधी मारली नाही. दारातूनच म्हणत, "काय वर्तमानपत्र, चहा आहे का?"

ते एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत. त्यांच्या तासाची हकीकत मला तिथल्याच एका शिक्षकाने सांगितली. टेबलावर घागर ठेवायची आणि मुलांनी ती काढायची, असा तो तास. मास्तर घागर ठेवत, मागे जाऊन पाहत, पुढे येऊन ती बोटभर फिरवत, खिडकीची एक फळी लावत, पुन्हा मागे जात. असे करता करता घंटा होई. इन्स्पेक्टर तपासणीला आले तेव्हा मुलांच्या वह्या कोऱ्या होत्या.

"वर्षभरात मुलांनी काढलं काय?" इन्स्पेक्टरांनी विचारले.

"काढलं काही नाही," मास्तर म्हणाले. "पाहिलं पुष्कळ."

नोकरी टिकली, कारण गॅदरिंगचे पडदे त्यांच्यासारखे जिल्ह्यात कुणी रंगवत नसे. त्यांनी रंगवलेल्या जंगलाच्या पडद्यापुढे नाटक सुरू झाले की लोक नटांना बाजूला सरका म्हणत, असे सांगतात. हे मी स्वतः पाहिलेले नाही.

जेवायला ते खानावळीत असत. ताट आले की ज्वारीची भाकरी थोडी डावीकडे घेत, शेंगाचटणी तिच्या कडेला सारत, मग ताट खिडकीकडे वळवत. खानावळवाली मावशी वैतागून ओरडे, "मास्तर, जेवा की आता! त्या चटनीची काय वरात काढायलाय व्हय?" मास्तर ताटाकडे पाहत म्हणत, "मावशी, हा तांबडा कुठल्या दुकानात मिळत नाही." मावशी म्हणे, "मिळतो की. मिरचीच्या."

एखादी गोष्ट का झाली, असे कुणी विचारले की त्यांचे ठरलेले उत्तर असे: "कसं ते मला विचारा. का ते मला विचारू नका."

खानावळीत जेवण्याचे कारण होते. त्यांची बायको अक्कलकोटला भावाकडे जाऊन राहिली होती. माझी ओळख झाली तेव्हा त्याला दोन वर्षे झाली होती. भांडण, मारहाण, दारू, यातले काही नव्हते. गावात याबद्दल चार-पाच कारणे बोलली जात. एकाचाही पडताळा नसल्यामुळे ती इथे देत नाही. एकदा मीच त्यांना विचारले.

"सकाळची वेळ होती," मास्तर म्हणाले. "टांग्याच्या पितळी दिव्यावर ऊन आलं होतं. लुगडं हिरवं, काठ तांबडा. ट्रंक काळी. टांगा वळला तेव्हा काठ तेवढा दिसत राहिला. मग तोही नाही."

"पण गेल्या का?"

"ते मी विचारलं नाही," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "विचारायला हवं होतं का?"

बहुतेकांनी विचारलं असतं, असे मी म्हणालो. त्यांनी मान हलवली; एखादी नवी माहिती मिळाल्यावर माणूस हलवतो तशी.

बोलपट यायला अजून दोन-तीन वर्षे होती. गावातल्या एका थिएटरच्या शेठजींच्या लक्षात आले होते की परदेशी भुताचा सिनेमा लागला की बाके भरतात. आपला स्वतःचा भुताचा सिनेमा असावा, असे त्यांच्या मनाने घेतले. थिएटरचे बोर्ड मास्तर रंगवत, म्हणून त्यांनाच बोलावणे गेले.

"मास्तर, तीन वस्तू पाहिजेत," शेठजी म्हणाले. "भूत पाहिजे, किंकाळी पाहिजे आणि शेवटाला मारुती पाहिजे."

मुक्या सिनेमात किंकाळी कशी दाखवायची, हे कुणी विचारले नाही. मास्तर हो म्हणाले आणि तिन्ही वस्तू तिथेच विसरून आले. त्या संध्याकाळी मी त्यांच्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. आत त्यांनी मला कधी नेले नव्हते. आमच्या भेटी कचेरीत नाहीतर ओट्यावर होत.

"सिनेमा लागला की तिला बोलावणार आहे," ते म्हणाले. "एकदा बघितला की येईल."

"कुठे येतील?"

"घरी."

"सिनेमा बघून घरी का येतील?"

"तिनं स्वतःला कधी पाहिलेलं नाही, वर्तमानपत्र. कसं पाहील? ती आत असते ना."

एवढे सांगून त्यांनी विषय बदलला. पण पुढचे तीन महिने ते जे करत होते ते याच एका गोष्टीसाठी, हे मला त्या दिवसापासून माहीत होते.

गावाबाहेर एका गिरणीच्या मागे जुन्या गोऱ्या मॅनेजरचा बंगला रिकामा पडला होता. टोकदार कमानी, रंगीत काचांच्या खिडक्या, लोखंडी गोल जिना आणि बंद घड्याळाचा मनोरा. कोल्हापूरहून एक कॅमेरावाला आणला गेला. चित्रीकरण दिवसाच होई. खिडक्यांना काळी कापडे लावायची आणि हवा तेवढा उजेड आरशांनी आत वळवायचा. आरसे एका पेठेतल्या सगळ्या न्हाव्यांकडून मागून आणले होते. अठरा दिवस त्या पेठेतल्या लोकांनी आरशाशिवाय दाढ्या करून घेतल्या. बंगल्याभोवती धुके हवे होते. सोलापुरात धुके आणायचे कुठून? मास्तरांनी गिरणीतून कापसाची तूस, म्हणजे पिंजताना उडणारे बारीक तंतू, पोत्यांत भरून आणली आणि मनोऱ्यावर दोन माणसे बसवून चाळणीतून खाली सोडली. ती उन्हाच्या तिरिपेत तरंगत उतरे. मी ते पाहायला गेलो होतो. बंगला तिच्यात हळूहळू बुडताना दिसे.

बाईचे काम नाटक कंपनी बुडाल्यामुळे घरी बसलेल्या एका स्त्रीपार्टी नटाकडे होते. लुगडे नेसले की तो बोलायचाही बाईसारखाच.

"मास्तर, मी जिना चढते ती कशापायी?"

"वर उजेड चांगला आहे."

"आणि लगेच खाली उतरते ती?"

"वरचा उजेड गेला."

"अगं बाई! आणि ह्या हातातल्या दिव्याचं काय करू?"

"धर. फक्त धर."

रिळे तयार झाल्यावर रात्रीचे प्रसंग निळे दिसायला हवे होते. त्यासाठी मास्तर एका तेलुगू रंगाऱ्याकडे गेले. तो आयुष्यभर सूत रंगवत आला होता. त्याने फिल्मचा तुकडा निळ्या पाण्यातून काढून उन्हात धरला आणि म्हणाला, "घ्या मास्तर, पक्की रात्र हाय. धुतली तरी जानार न्हाई."

तयार झालेला सिनेमा पाहायला शेठजींनी मला बोलावले. रिकाम्या थिएटरात आम्ही तिघेच होतो. एक तास दहा मिनिटे. इतकी सुंदर चित्रे मी त्यापूर्वी पडद्यावर पाहिली नव्हती आणि नंतरही फारशी पाहिली नाहीत. निळ्या काळोखात एक बाई दिवा घेऊन चालते. दिव्याचा उजेड तिच्या हनुवटीखालून वर येतो, गालाच्या हाडावर थांबतो. रंगीत काचांची छाया तिच्या पदरावरून सरकते. जिन्याच्या गजांच्या सावल्या भिंतीवर बोटांसारख्या उघडतात आणि मिटतात. बाई एका खोलीत जाते, चारी बाजूंना पाहते, दुसऱ्या खोलीत जाते. तिथे पाहते, तिसऱ्या खोलीत जाते. एक तास दहा मिनिटे ती हेच करते. मग ती मनोऱ्याखाली येते, धुके तिला झाकते आणि सिनेमा संपतो.

"हे काय आहे?" शेठजी म्हणाले.

मास्तर प्रसन्न होते. "कसं वाटलं?"

"भूत कुठंय?"

"भूत?"

शेठजी माझ्याकडे वळले. "वर्तमानपत्रवाले, तुम्ही ह्याला गोष्ट लिहा. पाट्या करून मधे मधे घालू. गोष्ट नसली तर मी हा लावत नाही, सांगून ठेवतो."

सिनेमा लागला नाही तर मास्तरांचे अक्कलकोटचे बोलावणे राहणार होते. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी अकरा प्रश्न लिहून मी मास्तरांपुढे बसलो. बाई कोण? घर कुणाचे? घरात आणखी कुणी आहे का? ती आधी कुठून आली? एकाही प्रश्नाला उत्तर नव्हते. शेवटी विचारले, "ती शोधते काय?"

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. "आमच्याकडे ती अशीच फिरायची. रोज दिवेलागणीला दिवा लावायची आणि हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून स्वयंपाकघरात. सात वर्षं मी ते पाहिलं. रोज निराळं दिसायचं."

"काय शोधताय म्हणून विचारलं नाही?"

"बोललं की उजेड हलतो."

म्हणजे ती बाई कोण, हे मला माहीत होते. तरीही पुढच्या दोन दिवसांत मी जे लिहिले ते असे: बाई ही हडळ आहे, तीनशे वर्षांपूर्वी तिचा घात झाला आणि ती आपल्या मारेकऱ्याला खोल्याखोल्यांतून शोधते आहे. शेठजींना भूत हवे होते आणि अंकाचेही काम पडले होते. बातमी कुणाच्या घरी जाऊन पोहोचेल याचा विचार उपसंपादक करत नाही. मीही केला नाही. मास्तरांनी मजकूर पाहिला. हरकत घेतील असे वाटले होते. ते म्हणाले, "'हडळ' शब्दाला वळण चांगलं आहे," आणि पाट्या रंगवायला घेऊन गेले. त्यांनी अक्षरांना वेली, ज्वाळा आणि धूर इतका जोडला की पाट्या अतिशय देखण्या झाल्या आणि एकही वाचता येईना.

अक्कलकोटला कार्ड गेले. त्यावर मजकूर नव्हता. मास्तरांनी थिएटरचे चित्र काढले होते आणि खाली वार आणि वेळ लिहिली होती. ती मंडळी काय समजायचे ते समजली. रविवारी दुपारच्या खेळाला वहिनी भावाबरोबर आल्या. मी त्यांना तेव्हा प्रथम पाहिले. ठेंगण्या, सावळ्या, नाकात मोरणी, चालणे भराभर. त्या बायकांच्या बाजूला, आडपडद्यापलीकडे जाऊन बसल्या. मास्तर दाराशी उभे राहिले. त्यांचे तोंड सिनेमाच्या पडद्याकडे नव्हते, बायकांच्या बाजूकडे होते.

थिएटर गिरणीकामगारांनी भरलेले होते. पडद्याजवळ गोष्ट समजावून सांगणारे चाचा काठी घेऊन उभे. पाट्या वाचता येत नव्हत्या म्हणून त्यांना मी मजकूर तोंडी सांगून ठेवला होता. पहिली पाच-सात मिनिटे त्यांनाही बोलायचे भान राहिले नाही. जिन्याच्या सावल्या भिंतीवर उघडल्या तेव्हा थिएटरात इतकी शांतता होती की मशीनचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मास्तरांना हवे होते ते त्या पाच-सात मिनिटांत झाले, असे मला वाटते.

मग बाई चौथ्या खोलीत गेली आणि मागून कुणीतरी म्हणाले, "आता काय हिथलं घर झाडनार हाय का ही?"

चाचा भानावर आले. त्यांनी काठी आपटली. "देखो भाइयो, ये बाई मरेली है! तीन सौ साल से फिर रई! मगर इसकू मालूम नै के मरेली है!"

"तीनशे साल?" एकजण ओरडला. "अवो चाचा, गिरणीला पन्नास वर्सं न्हाईत झाली, तिचा बंगला तीनशे वर्सांचा कसा?"

थिएटर हसले. चाचांनी ते मनाला लावून घेतले आणि पुढे प्रत्येक खोलीत हडळ, हडळ म्हणून आवाज चढवत नेला. तरीही लोक शेवटापर्यंत बसले असते. पण धुके आले.

दुसऱ्या कोणत्याही गावात ते धुके धुकेच ठरले असते. इथे तीनशे माणसे अशी बसली होती की त्यातल्या निम्म्यांनी आदल्याच दिवशी पाळीत तीच तूस नाकातोंडात घेतली होती. प्रथम एक क्षण काही झाले नाही. मग माझ्या पुढच्या बाकावरच्या माणसाने, पडद्यावरून नजर न काढता, खांद्यावरचे फडके सवयीने तोंडावर धरले.

"आरं, ही तर आपली तूस हाय!" दुसरा म्हणाला. "पिंजण खात्यातली!"

"हडळ नाईटपाळीला हाय वाटतं!"

"बाई, तोंडाला फडकं बांध, न्हाईतर खोकशील वर्सभर!"

कुणीतरी खोटे खोकले. मग सगळेच खोकू लागले, आणि त्यातले काही खरे खोकले होते; ते हसणे थांबल्यावरही थांबले नाहीत. त्या आवाजात सिनेमा संपला.

दाराशी गर्दी झाली. वहिनी बाहेर आल्या तेव्हा मास्तर त्यांच्या वाटेवरच होते. त्या थांबल्या. मी दहा हातांवर होतो. दोन-अडीच वर्षांनी एकमेकांसमोर आलेल्या नवराबायकोंचे बोलणे एवढे झाले.

"उजेड कसा होता?" मास्तरांनी विचारले.

"चांगला हुता," त्या म्हणाल्या. क्षणभर आणखी थांबल्या. मास्तर काही बोलले नाहीत, तेव्हा पदर सारखा करून भावाच्या मागून गेल्या.

त्या आठवड्याच्या अंकात सिनेमाचे परीक्षण मीच लिहिले. दृश्ये अप्रतिम, कथानक अगदीच सामान्य, असे त्यात होते. कथानक कुणाचे, हे त्यात नव्हते. चौथ्या दिवशी शेठजींनी सिनेमा उतरवला. रिळांचे पुढे काय झाले याची मला माहिती नाही.

पण त्याआधीचे सांगायचे राहिले. रविवारच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर होतो. मुंबईच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घ्यायला रोजच जात असे. वहिनी फलाटावर वळकटीवर बसल्या होत्या. भाऊ तिकिटे काढायला गेला होता. त्यांनीच मला ओळखले.

"तुमी भावजी न्हवं? वर्तमानपत्रवाले?"

मी हो म्हणालो.

"ती हडळ तुमी लिवली? चाचा सांगत हुते दाराशी."

"हो."

"हडळीचे पाय उलटे असतात. त्या बाईचे सुलटे हुते की."

मी म्हणालो, "वहिनी, ते माझं चुकलं. ती बाई कोण हे मला माहीत होतं."

"असू द्या. शेठनं भूत मागितलं, तुमी दिलं." त्या हसल्या. "चितरं चांगली हुती पन. ह्यांच्या हाताला जे हाय ते कुनाच्या हाताला न्हाई. मी असली दिसते व्हय? मला वाटलं, कोन की बाई ही."

मग मी तो प्रश्न विचारला. सगळ्या गावात तो विचारण्यासारखी माणसे दोनच होती, मास्तर आणि मी. एकाने विचारला नव्हता. "वहिनी, दिवा घेऊन तुम्ही रोज काय शोधत होता?"

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "दिवा ठेवायला जागा," त्या म्हणाल्या.

मला समजले नाही.

"कोनाड्यांत ह्यांच्या बाटल्या. खुंट्यांना ह्यांचे पडदे. खाली ठेवावा तर टरपेंटाईनची भांडी, भडका हुईल. ट्रंकेवर चितरं वाळत घातलेली. चुलीजवळचा कोनाडा तेवढा माझा हुता, त्यात पन पैल्या वर्षीच कुंचले आले, तितला उजेड चांगला म्हनून. मग काय करायचं? फिरायचं. कुटंतरी वीतभर जागा मिळंल म्हनून फिरायचं. भाकरी दोन हातांनी थापावी लागते, भावजी. एका हातात दिवा धरून कशी थापू?"

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं की! रोज सांगितलं. 'अवो, दिवा ठेवायला जागा द्या.' तर म्हनायचे, 'हलू नको. तशीच उभी ऱ्हा.'"

भाऊ तिकिटे घेऊन येताना दिसला. त्या उठल्या.

"त्यांना म्हनावं, एक कोनाडा रिकामा करा. चुलीजवळचा. एकच. दुसरं काय नको मला. आनि तुमी कार्ड टाका. ते काय लिवनार न्हाईत, चितर काढून पाठवतील. तुमचं कार्ड आलं की मी येते."

मी गठ्ठा कचेरीत टाकला आणि थेट मास्तरांकडे गेलो. ओट्यावर उभे राहून सगळे शब्दशः सांगितले. मास्तरांनी ते लक्ष देऊन ऐकले.

"जागा?" ते म्हणाले. "दिवा ठेवायला?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले. मग उठले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "या आत."

मी आत गेलो. वहिनींनी सांगितले त्यात एका अक्षराचीही अतिशयोक्ती नव्हती. मला पाय ठेवायला जागा मास्तरांनी हाताने करून दिली. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यातले कुंचले, बाटल्या, चिंध्या, वाळलेल्या रंगांच्या वाट्या त्यांनी एकेक बाहेर काढल्या. मी त्या मागच्या अंगणात नेऊन ठेवल्या. कोनाडा ओल्या फडक्याने पुसला. मास्तरांच्या हाताला घाई होती. मी त्यांना इतके आनंदात पूर्वी पाहिले नव्हते. "आता कार्ड टाका," ते म्हणाले. "आजच टाका."

मी म्हणालो, उद्या टाकतो. पुसलेला कोनाडा वाळू दे आणि संध्याकाळी एकदा दिवा ठेवून पाहू. मग लिहिलेले बरे. खात्री केल्याशिवाय न लिहिण्याची मला सवय होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी गेलो. मास्तर स्वयंपाकघरात चुलीपुढे चित्राची घोडी मांडून बसले होते. घोडीवर कागद होता आणि त्यावर कोनाडा उमटायला लागला होता.

"पाहा, वर्तमानपत्र," ते हलक्या आवाजात म्हणाले. "नऊ वर्षं या घरात आहे. इथे उजेड असा उतरतो हे मला माहीत नव्हतं. रिकामा केला म्हणून दिसलं."

पश्चिमेच्या झरोक्यातून येणारी तिरीप कोनाड्याच्या पोटात उतरली होती. ती खरोखरच सुंदर होती, हे मला नमूद केले पाहिजे.

"दिवा ठेवून पाहायचा होता," मी म्हणालो.

"आत्ता नको. दिव्यानं सगळंच जाईल."

"मग कधी?"

"चित्र पुरं होऊ दे."

मी आठ दिवसांनी गेलो, पंधरा दिवसांनी गेलो. चित्र चालूच होते. तिरीप रोज पाऊण घटका टिके, तेवढ्यात जे होईल ते होई. बाकीचा दिवस मास्तर कोनाड्यावर पहारा ठेवत. त्यात कुणी काही ठेवायचे नाही; आगपेटीसुद्धा नाही. घोडी, स्टूल आणि रंगांच्या वाट्या यांनी चुलीकडे जायची वाट बंद झाली होती.

विसाव्या दिवशी मी कचेरीत बसून कार्ड लिहिले. मजकूर लहान होता, तरी तीन कार्डे फाडली. कोनाडा रिकामा केला आहे, असे लिहिले असते तर ते खरे होते आणि वहिनी पहिल्या गाडीने आल्या असत्या. चौथ्या कार्डावर मी लिहिले: "कोनाडा रिकामा केला आहे. सध्या त्यात काही ठेवता येत नाही. मास्तर त्याचे चित्र काढत आहेत." हडळीच्या वेळी मी माहीत असलेले गाळले होते. या वेळी काही गाळले नाही.

कार्ड टाकल्याचे त्या संध्याकाळी मास्तरांना सांगितले. "बरं केलंत," ते म्हणाले. कार्डात काय लिहिले, हे त्यांनी विचारले नाही.

दिवाळीच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे सरकला आणि तिरीप कोनाड्यातून निघून शेजारच्या भिंतीवर गेली. चित्र अर्धेच झाले होते. मास्तरांनी त्यावर फडके टाकले. पुढच्या श्रावणात तीच तिरीप परत येईल, तोवर कोनाडा आहे तसाच ठेवायचा, असे ते म्हणाले. अक्कलकोटहून उत्तर आले नव्हते. मी सोलापूर सोडले तोपर्यंत ते आले नाही, आणि आले का म्हणून मास्तरांनी मला एकदाही विचारले नाही.